काळ्या गळ्याचा गोंडा

पाव्हणं, चपला बाहेरच राहू द्या, आणि हात लावायचा नाही. काय बघायचं ते डोळ्यांनी बघा. ही पोवळाईची पालखी. वर्षातनं एकदा, चैत्री पौर्णिमेला, सकाळी खाली गावात उतरते आणि दुपारी वर येते. एरवी इथंच असते, या खांबापाशी. चार कोपऱ्यांना चार गोंडे आहेत. चारी लाल रेशमाचे, मनगटाएवढे जाड, हातभर लांब. तीन गोंड्यांचे गळे पिवळ्या जरीनं बांधलेत. आता उजव्या अंगाचा पुढचा गोंडा बघा. त्याचा गळा काळा आहे.

येणारा प्रत्येक जण म्हणतो, दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला असेल. काही जण तर फोटो काढून बायकोला तसं समजावूनही सांगतात, आणि आम्ही इथं उभे! तसं नाही ते. दृष्ट टाळायला बांधलेला दोरा नव्हे हा. दृष्ट लागून चुकली होती, आणि जिची लागली तिच्याच डोक्यावरचा होता इथला पहिला काळा दोरा.

बसा जरा. आरतीला अवकाश आहे. आरती आमचा धाकटा भाऊ करतो. आवाज फार गोड आहे म्हणे त्याचा. लोक म्हणतात, म्हणोत बापडे. मला गोष्ट सांगता येते.

कोणत्या सालातली ते विचारू नका. तेव्हा खालच्या आळीला पटवेकऱ्यांचं एकच घर होतं, एवढं नक्की. पटवेकरी म्हणजे रेशमाचं काम करणारे. डोरलं ओवून द्यायचं, करगोटे वळायचे, बाजूबंदाला गोफ लावायचा, बैलाच्या शिंगांना नि नवरदेवाच्या घोड्याला गोंडे करायचे. घरचा कर्ता राघू पटवेकरी, त्याला सगळे आबा म्हणत. दोन मुलगे रेशीम नि माल घेऊन बाजार करत हिंडायचे, आणि घरी दोन सुना कामाला बसायच्या. थोरली सगुणा, धाकटी ठकू.

पालखीचा तो उजवा पुढचा गोंडा दरसाल नवा लागतो. तो पटवेकऱ्यांच्या सुनेनं करायचा. बाकीचे तीन जुने झाले की बदलतात, पण हा दर चैत्रात नवा. आणि ज्या बाईचा गोंडा तिथं लागेल तिनं हातात पंचारती घेऊन पालखीच्या पुढं चालायचं. दारोदारच्या बायकांनी तिच्या पायांवर पाणी घालायचं, म्हाताऱ्यांनीसुद्धा. तिनं मात्र देवळाच्या ओट्यापर्यंत मागं वळून बघायचं नाही. देवी मागनं येत असताना मागं बघत नाहीत.

हा मान सगुणाकडं बारा वर्षं होता. बारा वर्षं म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. नवी नवरी होती तेव्हापासून. तिला ना रूप होतं, ना तिचं माहेर मोठं. घरात तिचा शब्द चालायचा असंही नाही. पण चैत्री पौर्णिमेला पाटलीणबाई तिच्या पायावर पाणी घालायची, आणि त्या एका दिवसावर सगुणा उरलेलं वर्ष काढायची.

मग ठकू आली. आली तेव्हा तिला फळीवर रेशीम गुंडाळताही येत नव्हतं. सगुणानंच तिला शिकवलं. पायाच्या अंगठ्यात दोरा कसा अडकवायचा, फळीवर दोनशे वेढे एकसारखे कसे घ्यायचे, वरचं टोक चिमटीत धरून खालनं कसं कापायचं, मग गळा. आणि या घरातला पहिला धडाही तिनंच पोरीच्या डोक्यात ठोकून ठोकून बसवला: गोंडा सुटतोय असं दिसलं की आधी मूठ, मग बोलणं. हाका मारत बसायचं नाही, 'अगं बाई' करायचं नाही. गळ्यावर मूठ घट्ट धरायची, कारण एकदा दोनशे धागे विखुरले की ब्रह्मदेव आला तरी ते जुळत नाहीत. ठकूच्या पाठीत सगुणानं यासाठी दोनदा धपाटा घातला होता म्हणे.

दोन वर्षांत ठकूचा हात असा बसला की बघणाऱ्यानं बघत राहावं. वेढे घेताना रेशमाला पीळ म्हणून पडू द्यायची नाही. तिचा गोंडा टांगला की सरळ धार लागायची. सगुणाच्या गोंड्याला मात्र फणी लागायची, मग पाण्याचा हात, मग पुन्हा फणी. गिऱ्हाईक आलं की दोन्हींतला ठकूचा उचलायचं. कुणी मुद्दाम करत नव्हतं, हात आपसूक तिकडं जायचा. सगुणा शेजारीच बसलेली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण बोलायचं काय? शिकवलं तर तिनंच.

एकदा ठकू भोळेपणानं म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही वेढा घेताना मनगट फिरवता बघा. नका फिरवू. मग फणी लागणार नाही."

झालं. सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली पोर, जिला शेंबूड पुसायला शिकवलं तीच नाक कसं धरायचं ते सांगते! त्या दिवसापासून सगुणा ठकूला पाण्यात बघायला लागली. ठकू हसली तरी डोळ्यांत खुपायची, गप्प बसली तरी खुपायची. ठकूनं केलेल्या भाकरीलाही तिला करपलेला वास यायचा, आणि बाकी घर ती भाकरी मिटक्या मारत खायचं.

त्या साली चैत्र जवळ आला तसा आबांनी दोन्ही सुनांना सांगितलं, "औंदा दोघींनी गोंडा करा. चांगला असेल तो देवीला जाईल."

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिसायचं पुसट. ते गोंडा पारखायचे गालानं. डोळे मिटायचे आणि गोंडा कपाळापासून हनुवटीपर्यंत गालावरनं फिरवायचे. कुणाचा कोणता ते त्यांना सांगायचं नाही, असा त्यांचाच दंडक होता.

दोन्ही गोंडे ताटात ठेवले. एक गालावरनं फिरवला, ठेवला. दुसरा फिरवला, पुन्हा फिरवला, तिसऱ्यांदा फिरवला. सगुणाचा जीव कानांत आला. तिसऱ्यांदा फिरवला तो ठकूचा होता.

"हा," आबा म्हणाले. "हा आपल्या आपण पडतो. तो विंचरून पाडलाय."

वाईट बोलले नाहीत हो ते. कारागीर माणूस, खरं ते बोलला. पण बारा वर्षांचा मान त्या एका वाक्यात गेला, आणि सगुणाला वाटलं, बारा वर्षं सगळ्यांना ठाऊकच होतं की काय, की मी विंचरून पाडते? ठकू वाकून पाया पडायला आली. सगुणा म्हणाली, "औक्षवंत हो." तोंड म्हणालं.

आता पुढचं नीट ऐका, सगळी मेख इथं आहे. या घरात आणखी एक दंडक होता. जिनं गोंडा केला तिनं त्याचा गळा बांधायचा नाही. आपलं पोर नकटं असलं तरी आपल्याला दिसत नाही, म्हणून गळा दुसरीनं बांधायचा, म्हणजे एकीच्या कामावरनं दुसरीची नजर फिरते. सगुणाचे गळे आधी सासू बांधायची, मग ठकू. पारखायला ठेवले तेव्हा दोन्ही गोंड्यांचे गळे नुसते सुतानं कच्चे बांधले होते. जो निवडला जाईल त्याला मग जरीचा पक्का गळा. ठकूच्या गोंड्याचा गळा बांधायचा कुणी? सगुणानं.

गळा बांधताना जरीचे वेढे घ्यायचे एकावर एक घट्ट, आणि शेवटचं टोक सगळ्या वेढ्यांच्या आतनं ओढून घ्यायचं. ते टोक आत गेलं की हत्ती बांधा, सुटायचं नाही. सगुणानं कच्चं सूत काढलं, वेढे घेतले. सुंदर घेतले, त्यात तिचा हात कुणी धरला नसता. आणि टोक आतनं ओढलं नाही. वरच्या वेढ्याखाली नुसतं दडपून ठेवलं.

दिसायला काही फरक नाही. आबांनी बोट फिरवलं, त्यांनाही कळलं नाही. सगुणानं मनाशी हिशेब केला होता: देवळातनं गावात उतरेपर्यंत पालखी शांत असते, तोवर टिकेल. पारापाशी भोई पालखी नाचवतात, तिथं हिसके बसतील, आणि भर गावासमोर देवीचा गोंडा सुटून धुळीत पडेल. मग कुणी 'गळा कुणी बांधला' विचारणार नाही. लोक म्हणतील, देवीनं धाकटीचा हात नाकारला. अपशकुनी ठरवून तिला माहेरी पाठवतील, आणि पुढच्या चैत्रात पाणी पुन्हा आपल्या पायावर पडेल. एवढंच तिला दिसत होतं. देवीनं हात नाकारला म्हणजे सगळ्या घराचा मान गेला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. जळणाऱ्याला धूर दिसत नाही आपला.

पौर्णिमा उगवली. पालखी खाली उतरली, पाराला आली. पाराहून निघाली की ती देवळाच्या ओट्यापर्यंत टेकवायची नाही. मध्ये ओढा लागो, चढ लागो, भोयांनी चालता चालता खांदा बदलायचा. पुढं ठकू, हातात पंचारती, बावरलेली, लाजलेली, नवी कोरी. बायका पाणी घालत होत्या. पाटलीणबाईनं घातलं. घालताना म्हणाली, "कसा धारेसारखा गोंडा केलास गं पोरी!" सगुणानं ऐकलं.

आणि सगुणा कुठं होती? पालखीच्या उजव्या कोपऱ्याला लागून. दुसरीकडं असणं शक्यच नव्हतं. सगळा गाव देवीच्या मुखवट्याकडं बघत होता, ती एकटी गोंड्याच्या गळ्याकडं बघत होती.

हलगी कडाडली. भोयांनी पालखी नाचवली. एक हिसका. दुसरा. तिसऱ्या हिसक्याला वरच्या वेढ्याखालनं जरीचं टोक बाहेर आलं, उंदराच्या शेपटीएवढं. पहिला वेढा ढिला पडला. मग दुसरा. सगुणाच्या मनात आलं, सुटला! आणि तिचा हात वर गेला.

कसा गेला ते तिला मरेपर्यंत सांगता आलं नाही. मन म्हणत होतं पडू दे, पडू दे, आणि हातानं गळ्यावर मूठ आवळली. आधी मूठ, मग बोलणं! बारा वर्षं तोच धडा गिरवलेला हात तो, त्याला मनाला विचारायची सवयच नव्हती. जरी सुटून तिच्या मनगटावर पडली आणि गुलालात कुठं गेली ते कळलंही नाही. आता त्या दोनशे धाग्यांना तिच्या मुठीशिवाय कशाचाच आधार नव्हता.

पालखी चालायला लागली. सगुणाही चालायला लागली, हात वर, मूठ आवळलेली. सोडावं तर गोंडा विखुरतो. थांबवावं तर पालखी थांबत नाही. तोंड उघडावं तर पहिला प्रश्न येणार, तुला कसं कळलं गं? तेव्हा गप्प.

लोकांना वाटलं काय, ते ऐका. एक म्हणाली, "बघा बघा, थोरलीला मान सुटवेना!" दुसरी म्हणाली, "गोंडा धाकटीचा नि मिरवतेय ही. लाज कशी वाटत नाही?" कुणी तिच्या हातावर गुलालाची मूठ मारली. म्हातारी तराळीण तर तोंडावर बोलली, "सोड गं हावरे, बारा वर्षं पोट नाही भरलं?" सगुणा खाली मान घालून चालत राहिली. गंमत बघा, सगळं गाव जे बोलत होतं ते खोटं होतं, आणि खरं त्याहून वाईट होतं.

ओढ्यापाशी भोयांनी खांदा बदलला. चैत्राचं ऊन, पायाखाली दगड तापलेले. हाताला मुंग्या येऊन गेल्या होत्या, आता हात आहे की नाही तेच कळत नव्हतं. तिच्या मनात आलं, अजून वेळ गेली नाही. इथं सोडावा. ओढ्याच्या पाण्यात पडेल, वाहून जाईल, कुणाला पत्ता लागणार नाही. तिनं बोटं जरा सैल केली.

रेशीम मुठीतनं सरकलं. इतकं सरळ, इतकं एकसारखं सरकलं की एक धागा दुसऱ्याला अडला नाही. इतके दिवस तिनं ठकूचे गोंडे डोळ्यांनी बघितले होते, जळत्या डोळ्यांनी. मुठीत धरून असा एकही अजमावला नव्हता. गळा बांधतानाही तिचं सगळं ध्यान टोक दडपण्यात होतं. आता तिला कळलं. असा गोंडा आपल्या हातून बारा वर्षांत एकदाही झाला नाही, आणि पुढंही व्हायचा नाही. आबांचा गाल खोटं बोलला नव्हता. तिला रडू फुटलं. कुणाला वाटलं घाम असेल. तिनं बोटं पुन्हा आवळली, आधीपेक्षा घट्ट, आणि मग चढाला लागल्यावर एकदाही सैल केली नाहीत.

पालखी वर आली, ह्या इथल्या ओट्यावर टेकली. ठकूनं पंचारती ठेवली, तेव्हा पहिल्यांदा मागं वळून बघितलं. जाऊबाई हात वर करून उभ्या. हाताची बोटं पांढरीफटक.

आबा चाचपडत पुढं आले. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलंच होतं. म्हणाले, "सोड सगुणा. खूप मिरवलंस."

"सोडला तर सुटंल, आबा."

"कसा सुटंल? गळा आहे ना?"

"गळा मी बांधलाय," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या घरात या शब्दांचा अर्थ कुणाला लागला नसता. पटवेकऱ्यांच्या घरात पुढं काही सांगावं लागलं नाही. आबांनी हात पुढं केला, तिच्या मुठीभोवती बोटं फिरवली. जरी नव्हती. ते मटकन ओट्यावर बसले. ठकू जवळ आली. तिच्या पायावरचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

"का हो?" तिनं विचारलं. "मी काय वाईट केलं तुमचं?"

"काही नाही. तुझं बघवत नव्हतं मला," सगुणा म्हणाली. "बरा केला असतास तर सोसलं असतं. माझ्यापेक्षा चांगला केलास."

हलगीवाल्यानं हलगी काखेत धरली म्हणे. ठकूला काय वाटलं असेल? काही सांगणारे सांगतात की तिनं लगेच जावेला पोटाशी धरलं. त्यांचं ऐकू नका. तिच्या डोळ्यांत अंगार होता. माहेरी हाकलली गेली असती ती, जन्माची! ती एवढंच म्हणाली, "दोरा द्या कुणीतरी."

दोरा होता कुठं? सगळं सामान खाली घरी. तेव्हा सगुणानं मोकळ्या डाव्या हातानं पदर मागं टाकला, अंबाडा सोडला आणि वेणीत गुंफलेली काळी आगवळ खेचून काढली. बायका केसात घालतात ती सुती दोरी हो, हिच्या स्वतःच्या हातची. भरल्या जत्रेत सवाष्ण बाईनं केस सोडणं म्हणजे काय, ते त्या काळात सांगायला नको होतं. केस पाठीवर पसरले, गुलालानं माखलेले. तिनं आगवळ ठकूपुढं धरली.

एक बाई मूठ धरून, दुसरी गळा बांधते आहे. ठकूनं पहिला वेढा घेतला, त्यात सगुणाची तर्जनी सापडली. ठकूनं बघितलं. वेढा सोडला नाही. बोटावरनंच आवळला, सगळा जोर लावून, दातओठ खाऊन. सगुणानं बोट ओढलं नाही. मग ठकूनं बोट काढून घेऊ दिलं, वेढा पुन्हा आवळला, आणि पुढचे वेढे घेतले एकामागून एक, एकेक बोट सोडवत. शेवटी टोक राहिलं. ते तिनं वेढ्यांच्या आतनं ओवलं आणि सगुणाच्या हातात दिलं.

"ओढा," म्हणाली. "तुम्हीच ओढा."

सगुणानं ओढलं. टोक आत गेलं. दोनशेतला एक धागा पडला नव्हता.

आता तेव्हाचा गुरव आमच्याच घराण्यातला. होता जरा शिष्ट, आमच्यात असतो एखादा. तो म्हणाला, देवीला काळं चालत नाही, आणि असलं काळं तर मुळीच नाही. काढा तो गोंडा, तिन्हींवर प्रदक्षिणा होतील. त्यानं स्वतः गोंडा काढून ओट्यावर ठेवला. देवळाभोवतीच्या पाच प्रदक्षिणा राहिल्या होत्या. चौघा भोयांनी दांडीला खांदा लावला. पालखी उठेना. आठ जणांनी लावला, उठेना. अख्खा चढ चढून आलेली पालखी ती, जागची तसूभर हलेना! गुरवानं नारळ फोडला, लिंबू उतरवलं, नाक घासलं. नाहीच.

शेवटी आबा बसल्या जागेवरनं म्हणाले, "जिच्या मुठीनं आला तिला बोलवा, आणि जिनं बांधला तिलाही."

दोघी आल्या. एकमेकींकडं न बघता दोघींनी मिळून गोंडा कोपऱ्याला अडकवला. भोयांनी नुसता खांदा टेकवला आणि पालखी फुलासारखी वर आली. आता हे खरं का खोटं ते पोवळाई जाणे. आठ जणांना उठेना ती चौघांना उठली, असं सांगतात.

पुढं दोघी गळ्यात गळे घालून नांदल्या, असं कुणी सांगितलं तर तेही खोटं. भांडत होत्या, अबोला धरत होत्या, पण एका रेशमावर बसत होत्या. पुढचे गोंडे ठकूनं केले, गळे सगुणानं बांधले, आणि सगुणानं बांधलेला गळा उभ्या मुलखात सुटला नाही. तिच्या तर्जनीवर काळसर वळ मरेपर्यंत होता. कुणी विचारलं तर लपवायची नाही. म्हणायची, धाकटीनं घातलेली अंगठी आहे.

पटवेकऱ्यांचं घर आता राहिलं नाही. गोंडा बाहेरनं करून आणतात, पण त्या दिवशी पडलेली रीत राहिली. आजही चैत्र लागला की आठ दिवस आधी गाव पाराशी जमतं आणि गुरव विचारतो, "औंदा कुणाचं कुणाला बघवत नाही?" आधी सगळे हसतात. मग कुणीतरी खाली मान घालतं. बाई असो, बाप्या असो, ज्याला बघवत नाही त्यानं मूठ धरायची, ज्याचं बघवत नाही त्यानं गळा बांधायचा. दोरा मूठ धरणाऱ्याच्या अंगावरचा. बाईची आगवळ, आणि बाप्याला आगवळ कुठली, त्याचा कमरेचा करगोटा. पहिला वेढा बोटावरनं आवळायचा, आणि शेवटचं टोक मूठ धरणाऱ्यानं स्वतः ओढायचं. ते झाल्याशिवाय आजही पालखीला कुणी खांदा लावत नाही.

आता माझ्या बोटाकडं काय बघताय टकामका? हा ह्याच चैत्रातला वळ आहे. औंदा विचारणाराही मीच होतो आणि मान खाली घालणाराही मीच. गळा आमच्या धाकट्यानं बांधला. चांगला आवळलाय, बघा की, अजून गेला नाही.

उठा, घंटा झाली. आता गप्प राहून ऐका त्याचा आवाज. गोड आहे. खरंच गोड आहे.